तेवीस मिलिसेकंद

प्लोव्दिव्ह शहरात तंबाखूचं जुनं गोदाम,
तिसऱ्या मजल्यावर नेव्हेनाचा स्टुडिओ.
मंगळवारी तिने रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर अपडेट केलं
आणि जुन्या इंटरफेसने मान टाकली.
बिघडला म्हणावं तर दिवा हिरवाच,
पण संगणक त्याला ओळख देईना.
कंपनीने कळवलं : या मॉडेलसाठी
यापुढे ड्रायव्हर निघणार नाही.

पंधरा वर्षांचा करडा डबा.
तिसऱ्या इनपुटची खुंटी केव्हाच गळालेली,
तिथे बाटलीचं बूच चिकटवलेलं.
फिरवताना ते किंचित खाली दाबावं लागे,
हे फक्त तिच्या अंगठ्याला ठाऊक.

शुक्रवारी नवा आला, आठ हप्त्यांवर.
तळहाताएवढा, एकच केबल,
आणि आत इतकी शांतता
की खालच्या बेकरीतला पंखा
पहिल्यांदाच ऐकू आला.

शनिवारी स्पास आला.
वय एकसष्ट, हयात लग्नांच्या मांडवात,
खिशात सूर्यफुलाच्या बिया,
कीबोर्डवर बोटं कणीक तिंबणाऱ्या बाईसारखी.
कोपानित्सा लावली, अकरा मात्रांची :
दोन दोन तीन दोन दोन.
मधल्या तीनवर नाच जरा लंगडतो,
ते लंगडणं म्हणजेच नाच.

स्पास तीनवर आला, तीन यायच्या आत.
पुन्हा. तसंच.
पाहुण्यांआधी पंगतीला बसलेल्या माणसासारखा
तो प्रत्येक समेवर अगोदरच हजर.
हेडफोन काढून त्याने डब्याकडे बोट केलं,
"हे यंत्र घाई करतं."

नेव्हेना काही बोलली नाही.
तिला माहीत होतं.
जुन्या डब्यात बोट पट्टीवर पडायचं
आणि सूर मागून यायचा, तेवीस मिलिसेकंदांनी.
माशीने चारपाचदा पंख मारावेत, एवढा वेळ.
स्पासला हे कुणी सांगितलं नव्हतं.
त्याच्या हातांनीच ते ओळखलं,
आणि हात तेवढे पुढे सरकले,
जसं बहिऱ्या सासऱ्याशी बोलताना
घरातली सून आपोआप आवाज चढवते.
आणि रोज रात्री, तो गेल्यावर,
ती माउसने त्याचा एकेक तुकडा धरून
तेवीसने मागे ओढायची.
पंधरा वर्षं.
दोघांनीही हे एकमेकांना सांगितलं नाही.

आज स्पासने पहिल्यांदा स्पासला
जिथल्या तिथे ऐकलं,
आणि त्याला तो माणूस आवडला नाही.

चौथ्या खेपेला त्याने बिया टेबलावर ओतल्या,
सोलल्या नाहीत. म्हणाला,
"बोटं गेली बहुतेक. माझ्या बापाचीही
याच वयात गेली होती."

तेव्हा तिने सेटिंग उघडलं.
बफर : चौसष्ट.
ते एक हजार चोवीसवर नेलं.
सॉफ्टवेअरने पिवळी पाटी दाखवली :
आवाजाला उशीर होईल, नक्की?
नक्की.

"पुन्हा एकदा," ती म्हणाली, "शेवटचं."
दोन दोन
आणि ते तीन,
उंबऱ्याला ठेच न लागता आत आलेलं.

स्पास हसला, डब्यावर थाप मारली,
"बघ. तासाभरात शिकलं पोरगं."

तो गेल्यावर तिने खिडकी उघडली.
खाली सिग्नल लाल होता, अगदी हिरव्याच्या तोंडावर,
आणि स्पासचा उजवा पाय
फुटपाथवरून उतरलेला.

मग ती खुर्चीत बसली,
तुकडा धरला, तेवीसने मागे घेतला.
आठ हप्ते मात्र वेगाचे भरायचे.
आवाज थोडा वाढवावा म्हणून
तिने नव्या डब्याची गुळगुळीत खुंटी फिरवली,
उजवीकडे,
किंचित खाली दाबून.